काळे कुंकू : रंगवलेल्या फोटोंचा संगणकीय पाठ

गेल्या काही वर्षांत लग्नाच्या अल्बमांतून आणि साठी-पंच्याहत्तरीच्या समारंभांतून एक हौस दिसू लागली आहे. सुमारे १ कोटी ६७ लाख रंगछटा नोंदवू शकणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, तो संगणकावर चढवून त्यातला सगळा रंग काढून टाकायचा, उरलेल्या करड्या चित्राला तपकिरी झाक द्यायची आणि मग गालांवर गुलाबी, शालूवर हिरवा, काठांवर पिवळा असे चार-पाच रंग पुन्हा भरायचे. पणजी-पणजोबांच्या काळी दिवाणखान्यात लाकडी चौकटीत टांगलेल्या हातरंगी तसबिरींची ही नक्कल. या उफराट्या उद्योगाकडे हसून दुर्लक्ष करता आले असते. आम्हीही बरीच वर्षे तेच केले. परंतु अलीकडे घरातल्याच एका तसबिरीमुळे आम्हाला या उद्योगात स्वतः उतरावे लागले आणि तेव्हा लक्षात आले की, आपण नेमकी कशाची नक्कल करतो आहोत हे ठरवणे फार अवघड आहे. रंगवलेल्या फोटोचा इतिहास पाहिल्याखेरीज ते ठरत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासात रस का वाटावा, असे कोणी विचारील. हा एका परीने पाठचिकित्सेचाच प्रश्न आहे, असे आमचे उत्तर आहे. मूळ पाठ कोणता, त्यात भर कोणी घातली, कोणी काय गाळले, आणि का?

तसबीर आमच्या पणजीची. पणजोबा १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले. पणजी त्यांच्यामागे वीस वर्षे जगली. तिचा एकच फोटो काढलेला होता, हाताच्या पंजाएवढा. १९३८मध्ये ती गेल्यावर घरच्यांनी तो साताऱ्याच्या एका स्टुडिओत देऊन मोठा करवून आणि रंगवून घेतला. मूळचा छोटा फोटो पुढे कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही. रंगवलेल्या तसबिरीत पणजी खुर्चीवर बसली आहे, नाकात नथ, मांडीवर स्टुडिओने दिलेले जाड पुस्तक, अंगावर अंजिरी लुगडे, पाठीमागे हिरवट निळ्या धुक्यात विरलेला खांब. भाळ मोकळे. लहानपणापासून आम्ही तिला तशीच पाहत आलो. दोन पावसाळ्यांपूर्वी भिंतीला ओल आली, काचेमागे बुरशी धरली, आणि तिची ‘अगदी तशीच, जुनी रंगवलेली वाटेल अशी’ प्रत संगणकावर करावी, असे सर्व चुलत-आते भावंडांनी मिळून ठरवले. काम अर्थातच ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे आले.

फोटोत रंग नाही ही तक्रार फोटोइतकीच जुनी आहे. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जगजाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर माणसाचा चेहरा इतका हुबेहूब उमटू लागला की तो मेलेल्यासारखा का दिसतो, हे लोकांना अधिकच जाणवू लागले. वर्ष-दोन वर्षांतच स्वित्झर्लंडमधील योहान बाप्टिस्ट इझनरिंग याने अशा पत्र्यांवर रंग चढवायला सुरुवात केली. लंडनमध्ये १८४१ साली पहिला व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ उघडणाऱ्या रिचर्ड बिअर्डने १८४२मध्ये रंग देण्याच्या पद्धतीचे पेटंटच घेतले. हे काम नाजूक होते. पत्र्याचा पृष्ठभाग बोटाच्या स्पर्शानेही बिघडे, त्यामुळे डिंक मिसळलेली रंगाची कोरडी भुकटी अतिशय मऊ कुंचल्याच्या टोकाने त्यावर भुरभुरवीत आणि मग कारागीर त्यावर हलकेच श्वास सोडी. श्वासातील दमटपणाने डिंक ओलावून रंग चिकटे. रंगवणाऱ्याचा श्वास चित्रात शब्दशः उतरण्याची ही बहुधा एकमेव कला असावी.

कागदावर फोटो छापता येऊ लागल्यावर काम सोपे झाले आणि ते ज्या देशात गेले त्या देशाच्या चित्रकलेच्या हाती लागले. १८६३मध्ये जपानमध्ये आलेल्या फेलिचे बिआतोच्या योकोहामातील स्टुडिओत जलरंगांचे पातळ हात देणारे कारागीर लाकडी ठशांच्या जपानी चित्रपरंपरेतले संस्कार घेऊन आले होते. तेथे रंगारी म्हणून उमेदवारी केलेल्या कुसाकाबे किंबेईने १८८१मध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. परदेशी प्रवाशांसाठी तयार झालेल्या त्या फोटोंत रंग पारदर्शक असतो. खालचा फोटो त्यातून स्पष्ट दिसत राहतो.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार मुंबईत काम करू लागले होते. म्हणजे कॅमेरा येथे लवकर आला आणि तो केवळ साहेबाच्या हातात राहिला नाही. पण कॅमेरा आला तेव्हा येथे लघुचित्रे काढणारे चितारी हयात होते, त्यांचे आश्रयदाते संस्थानिक हयात होते, आणि चेहरा कसा दाखवायचा याविषयीच्या दोघांच्याही कल्पना पक्क्या होत्या. त्यामुळे राजस्थान-गुजरातेतील दरबारी फोटोंत पुष्कळदा असे दिसते की, फोटोवर जाड अपारदर्शक रंगांचा थर चढवला आहे, पार्श्वभूमी पूर्ण झाकून तिथे गालिचा, कमान, आकाश रंगवले आहे, दागिन्यांना सोन्याचा वर्ख दिला आहे, आणि उघडा राहिला आहे तो फक्त चेहरा; कधी तोही नाही. अल्काझी संग्रहातील अशा चित्रांवर २००८ साली ‘पेंटेड फोटोग्राफ्स’ हे पुस्तक निघाले, ते चाळताना फोटो कुठे संपतो आणि चित्र कुठे सुरू होते याची सीमारेषा शोधण्याचा नाद लागतो. नाथद्वाऱ्याच्या चिताऱ्यांनी तर हा प्रश्न फारच सोप्या रीतीने सोडवला. श्रीनाथजींची मूर्ती, पुजारी, फुलांची आरास सारे रंगवायचे आणि हात जोडून उभ्या असलेल्या यात्रेकरूच्या धडावर त्याच्या फोटोतला चेहरा कापून चिकटवायचा. त्यांना मनोरथ म्हणतात. ज्याने पैसे दिले त्याचा चेहरा खरा हवा, बाकीचे सत्य चिताऱ्याकडे.

फोटोत ‘फेरफार’ हे संगणकाचे पाप आहे, असे मानणाऱ्यांनी मुंबईतल्याच विल्यम जॉन्सनचा ग्रंथ पाहावा. १८६३ आणि १८६६ या वर्षी दोन खंडांत निघालेल्या या ग्रंथात मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींचे समूह त्यांच्या ‘स्वाभाविक’ परिसरात उभे केलेले दिसतात. प्रत्यक्षात माणसे स्टुडिओत टिपलेली आणि परिसर दुसऱ्याच निगेटिव्हवरून जोडलेला, असा तो प्रकार आहे. असो.

आता मुख्य मुद्द्याकडे. जुन्या फोटोत रंग नसतो, एवढेच आपण सहसा म्हणतो. पण जुनी काच रंगांबाबत मुकी होती आणि त्याशिवाय आंधळीही होती, तीही पक्षपातीपणाने. पहिल्या काही दशकांतील रासायनिक लेप प्रामुख्याने निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. १८७३मध्ये हेर्मान फोगेलने लेपात रंगद्रव्य मिसळून त्याला हिरवा-पिवळा प्रकाश दिसेल अशी युक्ती शोधली, आणि तांबड्यासकट सर्व रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले. त्यानंतरही आपल्या गावोगावच्या स्टुडिओंत जुन्या पद्धतीच्या काचा दीर्घकाळ वापरात होत्या, कारण त्या स्वस्त पडत आणि तांबड्या दिव्याच्या उजेडात धुता येत. याचा अर्थ असा की निळे आकाश त्या काचेला पांढरे दिसे, निळे लुगडे फिकट दिसे, आणि तांबडा रंग दिसतच नसे. म्हणजे छापील फोटोत तो काळा उमटे. अगदी जुन्या काचांवर पिवळ्याचीही तीच गत. हळद आणि कुंकू, दोन्ही काळी! जुन्या अल्बमांतील बायकांच्या कपाळावर जो काळा ठिपका दिसतो, तो पुष्कळदा ठसठशीत लाल कुंकवाचा असतो. नातवंडे ‘पूर्वी काळं लावत असत वाटतं’ म्हणतात.

आणि कातडीचे काय? तपकिरी त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात तांबड्याचा वाटा मोठा. तो काचेला दिसत नाही, म्हणून गहूवर्णी माणूस फोटोत प्रत्यक्षाहून काळा येतो, चेहऱ्यावरचा प्रत्येक व्रण आणि डाग उठून दिसतो. स्टुडिओतला रंगारी गिऱ्हाइकाला गोरे करतो, हा आरोप आपण ऐकत आलो, आणि तो खोटाही नाही. गोरेपणाचा हव्यास पुरवणे हा त्याच्या धंद्याचा भाग होताच. पण त्यातला काही भाग काचेने केलेल्या अन्यायाची दुरुस्ती होता. ही दुरुस्ती कुठे संपली आणि खुशामत कुठे सुरू झाली, हे आज त्या तसबिरीकडे पाहून सांगता येत नाही, आणि बहुधा रंगाऱ्यालाही सांगता आले नसते.

म्हणजे रंगवलेल्या फोटोतील रंगाकडे सजावट म्हणून पाहणे चूक ठरेल. त्याचे पहिले काम शुद्धिपत्राचे होते. काचेने जे चुकीचे वाचले ते रंगारी माणसांना विचारून दुरुस्त करी. लुगडे कोणत्या रंगाचे, काठ कोणते, डोळे घारे की काळे, हे त्याला फोटो सांगू शकत नसे, घरचे लोक सांगत. रंग हा साक्षीपुराव्यावर भरला जाई.

त्याची कृतीही सांगण्यासारखी आहे. फोटो खरखरीत, बिनचकाकीच्या कागदावर छापायचा, कारण गुळगुळीत कागदावर रंग ठरत नाही. मग त्याला रासायनिक क्रियेने तपकिरी करायचा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तपकिरी रंग म्हणजे फोटो जुना होऊन विटलेला, असे आज समजले जाते. मुद्दाम दिलेल्या सेपियाचा हेतू नेमका उलटा असे. चांदीचे गंधकाशी संयुग होऊन ती अधिक टिकाऊ होते आणि करड्या छायेपेक्षा तपकिरी छाया त्वचेच्या रंगाखाली जिवंत दिसते. त्यानंतर पारदर्शक तैलरंग. अमेरिकेच्या मार्शल कंपनीच्या ट्यूब या कामासाठी प्रसिद्ध होत्या. कुंचल्याचे काम थोडे, कापसाचे जास्त. मोठ्या जागेवर बोळ्याने रंग चोळायचा आणि लगेच दुसऱ्या कोऱ्या बोळ्याने तो पुसून घ्यायचा; जे पुसल्यावर उरते तोच रंग. काडीला कापूस गुंडाळून ओठ, नखे, नथीचे मोती. चूक झाली तर टर्पेंटाइनने पुसता येई, पण सुकण्यापूर्वी. फोटोतले नको असलेले काळे ठिपके काढायला बारीक सुरी असे. तिच्या पात्याने कागदावरचा लेप केसभर खरवडला की खालचा उजळ थर वर येई. हे खरवडणे मात्र परत फिरवता येत नसे.

ही माणसे कोण होती, याचा पत्ता क्वचितच लागतो. तसबिरीच्या कोपऱ्यात सही असते ती स्टुडिओची. अमेरिकेत हाताने रंगवलेली निसर्गदृश्ये विकून घरोघरी पोहोचलेल्या वॉलेस नटिंगच्या (१८६१-१९४१) कारखान्यात रंगवण्याचे काम प्रामुख्याने बायका करीत आणि चित्राखाली नटिंगची सहीही त्यांच्यातल्याच कोणी तरी करीत. आपल्या हस्तलिखितांच्या लेखनिकांनी निदान पुष्पिकेत नाव-गाव लिहिले, पाठ चुकला असेल तर क्षमा मागितली. फोटोच्या लेखनिकांना तेवढीही जागा मिळाली नाही.

या पार्श्वभूमीवर संगणकापाशी बसले की पहिलीच अडचण येते. फोटोशॉप हा प्रोग्रॅम १९९०मध्ये बाजारात आला आणि १९९४मधील त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चित्राचे निरनिराळे थर एकावर एक ठेवण्याची सोय झाली. रंगवलेल्या फोटोचा आभास निर्माण करण्याची बहुतेक सर्व कृती या थरांवर उभी आहे. खाली रंगहीन फोटो, त्यावर एकेका रंगाचा थर, आणि वरचा थर खालच्यात कसा मिसळावा हे ठरवणाऱ्या रीती. शिकवणारे सर्रास ‘कलर’ ही रीत वापरायला सांगतात. तीत खालच्या चित्राचा उजेड-अंधार जसाच्या तसा राहतो आणि वरून केवळ रंग येतो. दिसायला ते साफसुथरे दिसते, पण आमच्या मते खोटे पडते. कारण या रीतीत शुभ्र पांढऱ्यावर रंग चढतच नाही; लुगड्याच्या घडीवरची चकाकी पांढरीच राहते. कापसाने चोळलेला तैलरंग असा भेद करीत नसे. तो कोऱ्या कागदालाही रंगवी आणि सगळे थोडे गडद करी. त्याच्याशी जुळते ती ‘मल्टिप्लाय’ ही रीत, दोन रंगीत काचा एकमेकींवर धरल्यासारखी. आणि दरबारी चिताऱ्यांचा जाड रंग हवा असेल तर कसलीही मिसळण न करणारी साधी ‘नॉर्मल’ रीत. योकोहामा, साताऱ्याचा स्टुडिओ आणि उदयपूरचा दरबार या तिन्हींतला फरक संगणकावरच्या एका छोट्या यादीत निवडायचा असतो, हे लक्षात आल्यावर आम्हाला गंमत वाटली. ‘जुना लूक’ असा एकच लूक नसतो, हे त्या यादीने आम्हाला शिकवले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट खालच्या थराची. रंगीत फोटोतला रंग काढताना प्रोग्रॅम तांबड्या, हिरव्या आणि निळ्याचे मानवी डोळ्याला रुचेल असे प्रमाण घेतो. त्यामुळे निघणारा फोटो १९६०च्या दशकातल्यासारखा दिसतो. १९१५ सालची काच हवी असेल तर तांबडा चॅनल फेकून द्यायला हवा, आणि आणखी मागे जायचे तर एकटा निळा चॅनल ठेवायला हवा. आम्ही प्रयोग म्हणून घरातल्या एका नव्या नवरीच्या फोटोवर तसे केले. क्षणात तिचा चेहरा सावळा झाला, गालावरचा पुसटसा वांग दिसू लागला, हळदीची बोटे मळकी झाली आणि कुंकू काळेकुट्ट पडले. आता रंगवायला कारण मिळाले! गाल उजळायला हवे होते, कुंकू लाल करायला हवे होते. कोणी सांगितल्याशिवाय हात आपोआप तिकडे वळला. त्या दिवशी साताऱ्याच्या अनाम रंगाऱ्याशी आमची पहिल्यांदा ओळख झाली.

हे सर्व आता यंत्र आपले आपणच करते, असे वाचक म्हणतील. खरे आहे. २०१६च्या सुमारास लक्षावधी रंगीत चित्रांवर शिकवलेली संगणकीय जाळी काळ्या-पांढऱ्या फोटोत स्वतः रंग भरू लागली. २०१८मध्ये ‘डीओल्डिफाय’ आले, २०२०च्या फेब्रुवारीत ‘मायहेरिटेज’ या वंशावळीच्या संकेतस्थळाने ही सोय एका कळीवर आणून ठेवली आणि लोकांनी आपले पूर्वज भराभर रंगवून घेतले. आम्हीही पणजीच्या तसबिरीतला रंग काढून ती यंत्राला दिली. गवत हिरवे, आकाश निळे हे यंत्राला पक्के ठाऊक असते. लुगडे मात्र कोणत्याही रंगाचे असू शकते, आणि जिथे अनेक उत्तरे शक्य असतात तिथे यंत्र त्यांची सरासरी काढू लागते. सरासरी काढलेल्या लुगड्याचा रंग मातकट येतो. पणजी धुळीच्या रंगाचे वस्त्र नेसून बसलेली दिसली. यंत्राने कोणाला विचारले नव्हते.

न विचारण्याची ही सवय कुठवर जाते याचे उदाहरण २०२१च्या एप्रिलमध्ये दिसले. कंबोडियातील तुओल स्लेंग येथे १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने ज्यांना छळून मारले, त्यांचे कैदेत शिरतानाचे फोटो एका कलाकाराने संगणकावर रंगवले, आणि त्यांतल्या काहींच्या ओठांवर हसू उमटवले. ते छापणाऱ्या नियतकालिकाला लेख मागे घ्यावा लागला. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने आणि मृतांच्या नातलगांनी संताप व्यक्त केला. रंग आणि हसू एकाच हत्याराने, एकाच बैठकीत भरता येतात. ‘जिवंत वाटावे’ एवढीच कसोटी असेल तर एकापाशी थांबून दुसरे टाळण्याचे कारण उरत नाही.

याउलट वाट उदयपूरला सापडते. तेथे स्थायिक झालेले वास्वो एक्स. वास्वो हे छायाचित्रकार डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले काळे-पांढरे फोटो संगणकावरून छापतात आणि राजेश सोनी ते हाताने रंगवतात. सोनी यांचे आजोबा मेवाड दरबाराचे छायाचित्रकार होते आणि फोटोही रंगवीत. येथे यंत्र आणि हात यांची अदलाबदल झाली आहे. नक्कल करायची गरजच उरत नाही. ते पाहून संगणकावर कुंचल्याचे फराटे आणि ओघळ मुद्दाम काढत बसण्याचा आम्हाला थोडा संकोच वाटू लागला. जुना रंगारी रेषेबाहेर रंग जाऊ नये म्हणून धडपडत असे, आणि आपण तो जावा म्हणून कष्ट घेतो!

तरीही थरांची जी सोय संगणकाने दिली, तिचे मोल साहित्याच्या माणसाला अधिक कळावे. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा आधीच्या प्रतींतील अपपाठ बाजूला पडले आणि शुद्ध पाठ हाती आला. पण बाजूला काय पडले ते आज आपल्याला पाहता येत नाही. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, सुकथनकरांनी तिची शिस्त घालून दिली, तिच्यात जे गाळले तेही तळटीपांत आणि परिशिष्टांत शिल्लक ठेवले. थरांनी बनलेली फाइल ही अशीच चिकित्सक आवृत्ती होऊ शकते. सर्वांत खाली स्कॅन केलेली तसबीर, तिला हात लावायचा नाही. वर प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या थरात, थराला नाव, आणि कोणाच्या सांगण्यावरून भरले ते त्या नावातच. जुन्या रंगाऱ्याला हे शक्य नव्हते. त्याचे भाष्य मूळ संहितेवरच सुकत असे. आम्ही मात्र पाहतो ते असे की, काम संपताच लोक सगळे थर एकजीव करून टाकतात, मोबाइलवर पाठवण्याजोगी एक छोटी प्रत ठेवतात आणि बाकी पुसतात.

आता पणजीकडे परत येतो. स्कॅन करण्यासाठी तसबीर चौकटीतून काढली तेव्हा मागच्या पुठ्ठ्याखाली, फोटोच्या पाठीवर, पेन्सिलीने मोडीत दोन ओळी लिहिलेल्या सापडल्या. चौकट बांधणाऱ्याचा हिशेब असेल असे वाटले. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांना दाखवल्यावर त्यांनी वाचून दाखवले : लुगडे अंजिरी, काठ पिवळे. आणि खाली, कुंकू नको.

फोटो १९१८च्या आधीचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. पणजी विधवा म्हणून गेली हेही ठाऊक होते. या दोन माहितींची बेरीज इतक्या वर्षांत कोणीच केली नव्हती. फोटो काढला त्या दिवशी नवरा जिवंत होता, तेव्हा कपाळ मोकळे असणे शक्यच नाही. स्कॅन मोठा करून पाहिला. भुवयांच्या मध्ये त्वचेचा रंग आजूबाजूपेक्षा जाड लागला होता, आणि तसबिरीवर आडवा प्रकाश पाडल्यावर त्याच्याखाली सुरीचे बारीक समांतर ओरखडे दिसले. काचेने काळे केलेले कुंकू रंगाऱ्याला लाल करायचे होते; ते त्याने सांगण्यावरून खरवडून काढले. लुगडे मात्र सवाष्णीचेच राहिले, नथही राहिली. एवढे बदलायचे तर बाई नव्याने रंगवावी लागली असती. किंवा घरच्यांना कुंकवाखेरीज दुसरे काही खटकले नसेल. साक्षीपुराव्याने रंग भरला जाई असे आम्ही वर लिहिले. साक्षीदार स्वतःच फेरफार सांगतो तेव्हा त्याला काय म्हणावे, हे आम्हाला तेव्हा सुचले नाही.

आम्ही कुंकवाचा वेगळा थर केला. गोल, लाल, मल्टिप्लाय रीतीने. घरात दोन तट पडले. ज्या रूपात ती भिंतीवर होती त्याच रूपात राहू द्यावी, आपल्याला तिच्या कपाळाशी खेळण्याचा काय अधिकार, असे एकांचे म्हणणे. ज्यांनी पुसले त्यांना तरी कुठे होता, असे दुसऱ्यांचे. दोन्ही बाजू आम्हाला पटत होत्या, आणि थर दाखवणे-लपवणे एका टिचकीचे काम असल्याने निर्णय लांबवणेही सोपे होते.

शेवटी लॅपटॉप घेऊन थोरल्या आत्याकडे गेलो. तिने नव्वदी ओलांडली आहे. पणजी तिला फारशी आठवत नाही, पण तिच्या आईने वीस-बावीसच्या वयापासून त्या सासूची सेवा केली. आत्याने चष्मा पुसला, पडद्याजवळ चेहरा नेला आणि टिचकी मारायला सांगितले. कुंकू आले. परत मारायला सांगितले. गेले. असे तीन-चार वेळा झाले.

‘‘हे गोल कुणी काढलं?’’ तिने विचारले.

‘‘आम्हीच. अंदाजानं.’’

‘‘गोल नाही रे. आजी आईला सांगायची म्हणे, ती आडवी चिरी लावायची.’’

आम्ही खालचा थर पुन्हा मोठा करून पाहिला. सुरीचे ओरखडे ठिपक्याला लागले असते त्याच्या दुप्पट रुंद पसरले होते. रंगाऱ्याचा हात ढिला असेल असे आम्ही धरून चाललो होतो. गोल कुंकवाच्या थराला आम्ही ‘आमचा अंदाज’ असे नाव दिले, तो लपवून ठेवला, आणि ओरखड्यांच्या मापाने आडवी रेघ काढायला घेतली.